पंधरा मिनिटांची सोडत

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. अडखळणं आणि मधला चहा तेवढा काढलाय.)

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा विषय असा आहे की शेजारी आईबाबा बसले असतील तर ते विचारतील, "काय रे, तुला कशाला ऐकायचंय हे?"

विषय आहे लॉटरी. मोबाईलवरची लॉटरी, कागदावरची लॉटरी, आणि ती नेमकी चालवतात कशी.

सुरुवात एका फोननं करतो. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा फोन आला. पुण्यात असतो, बावीस वर्षांचा आहे, डिलिव्हरीचं काम करतो. एवढ्या रात्री फोन म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला.

"दादा, झोपलास का?"

"नाही. काय झालं?"

"काही नाही रे, चांगलंच झालंय. मला एक लाख लागलेत."

"कशाचे?"

"केरळ लॉटरीचे. ऑनलाइन काढलं होतं तिकीट. पण दादा, तुझ्याकडे एकतीस हजार दोनशे आहेत का? दोन दिवसांसाठी. टॅक्स भरला की लगेच रक्कम सोडणार आहेत."

मी उठून बसलो. एकतीस हजार दोनशे. आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

त्याचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर या माईकसमोर सांगितलेली नाही, घरीही पूर्ण सांगितलेली नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, इचलकरंजीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. काही गल्ल्यांमध्ये दिवसरात्र खटखट चालूच असते, पाहुणा आला की त्याला झोप येत नाही आणि आम्हाला ती खटखट थांबली की जाग येते. घरची परिस्थिती बेताची. मी दुपारनंतरचं काम शोधत होतो. एका ओळखीच्यानं सांगितलं, ऑनलाइन लॉटरीचं सेंटर आहे, कॉम्प्युटरवर बसायचं काम आहे, महिना साडेचार हजार. कॉम्प्युटरवर बसायचं म्हटल्यावर आई खूश झाली. तिला वाटलं, पोरगं ऑफिसात लागलं.

ऑफिस म्हणजे काय, एक गाळा. आत दोन मॉनिटर, एक छोटा प्रिंटर, तिकीट छापणारा, एसटीच्या तिकिटासारखा कागद. भिंतीला मोठा टीव्ही, त्यावर निकाल. दुसऱ्या भिंतीला चार्ट, म्हणजे आधीच्या दिवसांचे सगळे निकाल पेनानं लिहिलेले. शून्य शून्य ते नव्याण्णव, असे शंभर आकडे. एका आकड्याला दोन रुपये लावायचे. लागला तर एकशे ऐंशी मिळणार. आणि सोडत? दर पंधरा मिनिटांनी. सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ.

गिऱ्हाईक भरपूर. मागावरची पाळी सुटली की माणसं यायची. सीमेपलीकडूनही यायची, कारण कर्नाटकात 2007 पासून लॉटरीला बंदी. आणि त्यात एक होते, त्यांना मी मामा म्हणायचो. पन्नाशीचे, कानानं जरा कमी ऐकणारे, आयुष्य मागाच्या आवाजात गेलेलं. त्यांच्याकडे एक शाळेची वही असायची. त्यात चार महिन्यांचे सगळे निकाल. एकदम बारीक अक्षरात, तारीखवार. ते मला समजावून सांगायचे, "हे बघ बाळा, सदतीस एकवीस दिवस आला न्हाई. म्हंजे आता येणारच."

मी मान हलवायचो. मला वाटायचं, एवढा अभ्यास आहे तर काहीतरी असेल.

आता गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. समजा तुम्ही शंभरच्या शंभर आकड्यांवर दोन-दोन रुपये लावले. खर्च दोनशे. एक आकडा नक्की लागणार, मिळणार एकशे ऐंशी. म्हणजे सोडत अगदी प्रामाणिक असली तरी प्रत्येक फेरीत दर शंभरातले दहा रुपये चालवणारा ठेवून घेतो. दहा टक्के. ऐकायला फार वाटत नाही ना? मलाही वाटायचं नाही.

पण मामा एकदाच खेळायचे का? नाही. जे मिळालं ते परत लावायचे. सगळेच लावतात. मग दोनशेचे सरासरी एकशे ऐंशी, त्याचे एकशे बासष्ट, त्याचे एकशे सेहेचाळीस... दहा फेऱ्यांनंतर हातात राहतात साधारण सत्तर रुपये. वीस फेऱ्यांनंतर चोवीस. आणि वीस फेऱ्या म्हणजे किती वेळ? पंधरा मिनिटांची एक, तर पाच तास. सकाळी दहाला बसलेला माणूस दुपारी तीनला रिकामा.

हे नीट लक्षात घ्या. सरकारी कागदी लॉटरीत दर तिकिटामागचं नुकसान खरं तर दहा टक्क्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. पण तिथं तिकीट घेतल्यावर सोडतीची वाट बघावी लागते. आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याच्या वीस फेऱ्या व्हायला पाच महिने जातात. मधल्या काळात माणूस कामाला जातो, डोकं शांत होतं, पैसे दुसरीकडे खर्च होतात. म्हणून एखादा खेळ किती घातक आहे हे बघायचं असेल तर बक्षीस किती आहे ते बघू नका. पुढची सोडत किती वेळानं आहे ते बघा. पंधरा मिनिटांनी असेल तर सावध व्हा. एका मिनिटानं असेल, आणि ती तुमच्या खिशात असेल, रात्री दोनलाही चालू असेल, तर पळा.

असो. गाळ्यात परत येऊ.

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मालकाचा एक वेगळा स्क्रीन होता. एकदा त्याला फोन आला, तो बाहेर गेला, आणि मी मागून चार्जर घ्यायला गेलो. स्क्रीनवर शंभर आकड्यांची यादी होती आणि प्रत्येक आकड्यापुढे रक्कम. या फेरीत कोणत्या आकड्यावर एकूण किती लागलेत. सोडतीच्या आधी. आणि खाली एक रिकामी चौकट, त्यात आकडा टाकता येत होता.

सदतीसवर त्या फेरीत सगळ्यात जास्त पैसे होते. का? कारण मामांची वही सगळे बघायचे. सगळ्यांनाच वाटत होतं की आता सदतीस येणारच. आणि नेमकं म्हणूनच सदतीस येणार नव्हता.

तुम्हाला वाटेल, मी लगेच बाहेर येऊन ओरडलो असेन. नाही. मी चार्जर घेऊन जागेवर येऊन बसलो. अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं न कळल्याचं सोंग घेतलं. महिना साडेचार हजार होते ना.

त्यानंतर आठवड्याभरानं मामा दुपारी आले. खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, बाराशे रुपये. म्हणाले, "बाळा, हे तुझ्याकडं ठेव. पोरीच्या दहावीची फी हाय. मी मागितलं तरी द्यायचं न्हाई. कळलं?" मी म्हटलं, कळलं. पैसे ड्रॉवरमध्ये वेगळे ठेवले.

ते खेळायला बसले. पाच वाजता त्यांचे जवळचे संपले. साडेपाचला ते काउंटरवर आले. "बाळा, दे रं त्यातलं दोनशे." मी म्हटलं, "मामा, तुम्हीच म्हणाला होता." ते हसले. म्हणाले, "अरे, आता येणारच हाय. मी काय तुला फसवतोय व्हय? माझंच हाय की." मालक मागं बसला होता. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "त्यांचे पैसे त्यांना दे की. तुझ्या बापाचे आहेत का?"

मी दिले. आधी दोनशे, मग पाचशे, मग उरलेले. तिकिटं मीच छापली. सदतीस, सदतीस, सदतीस. साडेसातला त्यांनी वही पिशवीत ठेवली आणि गेले.

फी भरली गेली की नाही, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या पंधरवड्यात मी काम सोडलं. घरी सांगितलं, परीक्षा आहे. पुढच्या वर्षी त्या सेंटरवर छापा पडला, काचेला आतून वर्तमानपत्रं लावलेली दिसायची, मग तिथं मोबाईल रिचार्जचं दुकान आलं.

(थोडा थांबलो होतो इथं. रेकॉर्डिंगमध्ये पंखा ऐकू येतोय, तो त्यामुळे.)

त्यानंतर मी लॉटरीबद्दल मिळेल ते वाचत गेलो. एकच प्रश्न होता, खरी लॉटरी असते तरी कशी?

तर ऐका. आपल्याकडे जुगार कोणी चालवायचा हा प्रश्न जुना आहे. मुंबईत कापसाच्या भावावर आकडा लावायचे. न्यूयॉर्कहून तारेनं उघडायचा आणि बंद व्हायचा भाव यायचा, त्यावर पैजा. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. तिकडून भाव येणं थांबल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी पत्त्यांवरचा मटका सुरू केला. तो किती पसरला हे तुमच्या आजोबांना विचारा, सांगतील. त्याच काळात राज्य सरकारांनी विचार केला की लोक खेळणारच असतील तर पैसा निदान तिजोरीत येऊ दे. केरळनं 1967 मध्ये लॉटरी सुरू केली, पहिली सोडत 26 जानेवारी 1968 ला, तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस पन्नास हजार. महाराष्ट्र राज्य लॉटरी आली 1969 मध्ये.

पण राज्यांच्या नावावरही पुढे बराच घोळ झाला. एका आकड्याच्या लॉटऱ्या निघाल्या, दिवसभर सोडती, आणि मजुरी घरी न जाता तिकिटावर जायला लागली. म्हणून 1998 मध्ये केंद्रानं लॉटरी नियमन कायदा केला. हा कायदा छोटा आहे, पण त्यातल्या अटी वाचताना मला आमचा गाळा एकेका ओळीत दिसत होता.

पहिली अट, एका अंकावर बक्षीस ठेवायचं नाही. दुसरी, तिकीट राज्य सरकारनं छापायचं, त्यावर राज्याची मुद्रा. तिसरी, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जमा. चौथी, सोडत राज्य सरकारनं स्वतः काढायची, आणि त्याच राज्यात. पाचवी, एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नाही. म्हणून तर केरळमध्ये प्रत्येक वाराच्या लॉटरीला वेगळं नाव आहे. वर्षात बंपर सोडती सहापेक्षा जास्त नाहीत. पुढे 2010 च्या नियमांत आलं की राज्याच्या सगळ्या योजना मिळून दिवसाला चोवीसपेक्षा जास्त सोडती नकोत. आमच्या गाळ्यात दिवसाला पन्नास होत्या. मी एकोणीस वर्षांचा होतो, पण पन्नास आणि चोवीस यातला फरक मला कळला असता. कोणी सांगितलं असतं तर.

आणखी एक. राज्याला वाटलं तर ते दुसऱ्या राज्याच्या तिकिटांची विक्री आपल्याकडे बंद करू शकतं. तामिळनाडूनं 2003 मध्ये लॉटरी बंद केली. केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल, सिक्कीम, नागालँड, गोवा, महाराष्ट्र अशा काही राज्यांत ती आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1999 च्या निकालात सांगून टाकलंय की सरकारनं चालवली तरी लॉटरी हा जुगारच. सरकारचा शिक्का म्हणजे जिंकण्याची हमी नाही. शिक्क्याचा अर्थ एवढाच की सोडतीबद्दल कोणीतरी उत्तर द्यायला बांधील आहे.

आता सोडत. केरळची सोडत दुपारी तीनला तिरुवनंतपुरममध्ये होते, लोकांसमोर, पंचांसमोर, चाकं फिरवून. कोणीही बघू शकतं. हा सगळा तामझाम कशासाठी? तर माझ्या मालकासारखा माणूस मध्ये येऊ नये म्हणून. पैसे कुठे लागलेत हे ज्याला दिसतं आणि सोडत ज्याच्या हातात असते, तो एकच माणूस असता कामा नये. लॉटरी चालवण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात येतं.

आणि हे शास्त्र मोठ्या देशांतही फसलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात 24 एप्रिल 1980 ला टीव्हीवर थेट सोडत झाली. तीन यंत्रं, प्रत्येकात शून्य ते नऊ असे दहा चेंडू, हवेनं उडणारे. आकडा आला सहा सहा सहा. नंतर उघड झालं की चार आणि सहा सोडून बाकी सगळ्या चेंडूंमध्ये सुईनं रंग भरून ते जड केले होते. म्हणजे उडणार फक्त चार आणि सहा. आणि कट करणाऱ्यांनी चार-सहाचे सगळे आठ प्रकार आधीच विकत घेतले होते. कटात कोण होतं? सोडत सादर करणारा निवेदक निक पेरी.

ही झाली चेंडूंची गोष्ट. तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर असता तर झालं नसतं. मग ही ऐका. एडी टिप्टन नावाचा माणूस. अमेरिकेतल्या अनेक राज्यांची मिळून लॉटरी चालवणारी संस्था आहे, तिचा हा माहिती सुरक्षा प्रमुख. म्हणजे चोरी होऊ नये हे बघणारा. यानं आकडे काढणाऱ्या प्रोग्राममध्येच असा कोड घुसवला की वर्षातल्या ठरावीक तारखांना येणारे आकडे त्याला आधीच ताडता यायचे. डिसेंबर 2010 मध्ये आयोवातल्या एका दुकानातून त्यानं स्वतः तिकीट घेतलं, एक कोटी पासष्ट लाख डॉलरचं. मग वर्षभर कोणी बक्षीस मागायलाच आलं नाही, आणि मुदत संपायला काही तास उरले असताना एका परदेशी कंपनीच्या नावानं दावा आला. तिथंच संशय आला. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण प्रसिद्ध केलं आणि ओळखीच्या लोकांनी त्याला आवाजावरून ओळखलं. 2017 मध्ये त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

म्हणजे कॉम्प्युटर आला म्हणून प्रामाणिकपणा आपोआप येत नाही. त्या कॉम्प्युटरची तपासणी कोण करतं, कॅमेरा कुठं आहे, दावा कोण तपासतं, यावर सगळं आहे. तिकडे हे सगळं होतं म्हणून चोर सापडला. तुमच्या फोनवरच्या लिंकमागे यातलं काय आहे?

आता ऑनलाइन लॉटरी या शब्दाकडे येऊ, कारण इथंच मोठी गफलत होते. भारताच्या नियमांत ऑनलाइन लॉटरीचा अर्थ असा होता, की लॉटरीच्या टर्मिनलवर म्हणजे अधिकृत केंद्रातल्या यंत्रावर तिकीट निघतं आणि त्याच क्षणी त्याची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर होते. घरात बसून, चादरीत तोंड घालून यूपीआयनं पैसे पाठवायचे, असा अर्थ त्यात नाही. केरळ लॉटरीचं तिकीट तर कागदीच असतं. ती ऑनलाइन विकली जात नाही, हे तिथलं लॉटरी खातं आणि पोलीस कितीदा तरी सांगून थकले. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि टेलिग्रामवर तिच्या नावाचे ग्रुप चालूच. कागदी तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचं. तुमच्या हातात स्क्रीनशॉट असेल तर तुमच्या हातात काहीही नाही.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवायला मनाई. सरकारनं तेव्हा ऑनलाइन लॉटरीचंही नाव घेतलं होतं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. पण खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे वाक्य मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे.

आणि ते परदेशी जॅकपॉट? इन्स्टावर दिसतात, हजारो कोटींचे. भारतातून परदेशी लॉटरीच्या तिकिटांसाठी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनुसार मनाई आहे. शिवाय शक्यता बघा. एकोणपन्नासातून सहा आकडे ओळखायचे, ही जगातली नेहमीची लॉटरी. त्यात एकूण जोड्या होतात 1 कोटी 39 लाख 83 हजार 816. दर आठवड्याला एक तिकीट काढलंत तर सगळ्या जोड्या संपायला सुमारे 2 लाख 69 हजार वर्षं लागतील. अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये तर शक्यता एकोणतीस कोटींत एक. तुम्ही भाग्यवान असालही, पण एवढी घाई कशाला?

आणि मामांच्या वहीचं काय? एकवीस दिवस न आलेला आकडा आता येणारच का? नाही. चेंडूला आठवण नसते. बल्गेरियात 6 सप्टेंबर 2009 ला सहा आकडे आले, 4, 15, 23, 24, 35, 42. चार दिवसांनी पुढच्या सोडतीत, तेच सहा. सरकारनं चौकशी लावली, गडबड सापडली नाही, निव्वळ योगायोग. आदल्या सोडतीचा पुढच्या सोडतीशी काहीही संबंध नसतो. मामांनी चार महिने जे लिहिलं, ते प्रामाणिक सोडतीतही उपयोगाचं नव्हतं. आमच्या गाळ्यात तर ते उलटं त्यांच्याच विरोधात वापरलं जात होतं.

आता एकतीस हजार दोनशे.

भारतात लॉटरीच्या बक्षिसावर थेट तीस टक्के कर. तुमचं एरवीचं उत्पन्न कितीही कमी असो, सूट नाही. आधी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. तीस टक्क्यांवर चार टक्के उपकर धरला की 31.2 टक्के. एक लाखाचे किती? एकतीस हजार दोनशे. म्हणजे माझ्या भावाला फसवणाऱ्याला कायदा नीट माहीत होता! खऱ्या आकड्याच्या वेष्टनात खोटं दिलं की ते गळ्याखाली लवकर उतरतं. भावानं गुगल केलं, टक्केवारी बरोबर निघाली, आणि त्याचा विश्वास बसला.

पण त्यानं टक्केवारी तपासली, दिशा तपासली नाही. कर बक्षिसातून कापून घेतात आणि उरलेलं देतात. केरळच्या ओणम बंपरचं उदाहरण घ्या. पहिलं बक्षीस पंचवीस कोटी. दहा टक्के एजंटचं कमिशन, म्हणजे अडीच कोटी गेले. उरलेल्या साडेबावीसवर तीस टक्के कर, पावणेसात कोटी. हातात येतात पंधरा कोटी पंचाहत्तर लाख, आणि त्यातूनही पुढे अधिभार आणि उपकर भरावा लागतो. यात विजेत्यानं आधी खिशातून एक रुपया तरी भरला का? नाही. आधी भरा, मग देतो, असं म्हणणारा प्रत्येक जण चोर. याला अपवाद नाही. आणि सरकारला त्याचा वाटा तिकीट विकतानाच मिळालेला असतो. सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर चाळीस टक्के जीएसटी आहे, म्हणजे शंभरच्या तिकिटात साडेअठ्ठावीस रुपये कर आधीच धरलेला.

हे सगळं मी भावाला त्या रात्री सांगितलं. तो चिडला. "दादा, तुला माझं चांगलं बघवत नाही." फोन ठेवला.

मी पाच मिनिटं तसाच बसलो. मला मालकाचं वाक्य आठवलं, तुझ्या बापाचे आहेत का. खरंच, त्याचे पैसे, त्याचं आयुष्य. मग मी परत फोन लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. सहाव्यांदा उचलला. मी गणित बाजूला ठेवलं आणि त्याला मामांची गोष्ट सांगितली. बाराशे रुपयांसकट. पहिल्यांदाच कोणाला तरी.

तो बराच वेळ गप्प होता. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, मी आधी अडीच हजार भरलेत, प्रोसेसिंगचे. आणि त्याच्याआधी दोन महिन्यांत तिकिटांचे किती गेले ते मी मोजलंच नाहीये." आणि मग, "ते म्हणतायत, टॅक्स भरला नाही तर माझ्यावर केस होईल. पोलीस मलाच धरतील का?"

म्हणून मघाचं वाक्य. नाही धरणार. ही भीतीच त्यांचं खरं भांडवल असते. त्याच रात्री आम्ही 1930 वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, लिहून ठेवा. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते मधल्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. मग पोर्टलवर तक्रार टाकली, व्यवहाराचे क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. अडीच हजार परत आले का? अजून नाही. पण एकतीस हजार दोनशे गेले नाहीत. त्यानं कोणाकडून तरी उचलले असतेच, मी नाही तर दुसरं कोणी. मग व्याज, मग ते फेडायला पुन्हा तिकीट.

आणि एक. तुमच्यापैकी कोणी असं असेल की गेलेले पैसे काढायचे म्हणून परत खेळतोय, झोप लागत नाहीये, घरी सांगता येत नाहीये, तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. लाज वाटेल, वाटू दे. पण फोन करा.

मी तुम्हाला लॉटरी खेळू नका असं म्हणणार नाही. दिवाळी बंपरचं एक तिकीट काढून देवासमोर ठेवणारी माणसं माझ्याही घरात आहेत. ते तिकीट विकणारे रस्त्यावरचे आजोबाही मला ठाऊक आहेत. माझं म्हणणं एवढंच की तिकीट घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. सोडत कोण काढतं आणि ती मला बघता येते का? पुढची सोडत किती वेळानं? आणि जिंकल्यावर पैसे माझ्याकडे येतात की माझ्याकडून जातात?

आणि चौथी गोष्ट, ही खेळणाऱ्यासाठी नाही, शेजारी उभं राहणाऱ्यासाठी आहे. कोणी तुमच्याकडे पैसे ठेवून म्हणालं, मी मागितले तरी देऊ नकोस, तर देऊ नका. शिव्या खा, भांडण होऊ दे, नोकरी जाऊ दे. नोकऱ्या मिळतात.

मामांची पोरगी आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. कदाचित तिच्याही हातात फोन असेल आणि त्यावर ती काहीतरी ऐकत असेल. तिच्यापर्यंत हा भाग पोचला तर तिला ओळख पटेल, वहीवरून. ताई, बाराशे रुपये माझ्याकडे ठेवले होते. मी द्यायला नको होते.

चला. भाग आवडला तर तुमच्या त्या एका मित्राला पाठवा. कोणता ते तुम्हाला माहितीय. पुढच्या गुरुवारी भेटू. काळजी घ्या.